"पुराना कोई रिपोर्ट है क्या?" : किडनी अचानक बिघडली की हळूहळू, हे ओळखण्याच्या पायऱ्या

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझ्या वडिलांचं क्रिएटिनिन (रक्तातला असा कचरा, जो किडनी बिघडली की वाढतो) ४.६ आलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर मावशीचं ४.४ आलं. दोन्ही रिपोर्ट इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी, जेवणाच्या एकाच टेबलावर उघडले गेले आणि दोन्ही वेळा घरात एकच वाक्य उमटलं, "किडनी फेल झाली." आज बाबा रोज सकाळी फिरायला जातात, त्यांचं क्रिएटिनिन १.२ आहे. मावशीच्या डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) आहे आणि आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस होतं.

आकडा जवळजवळ सारखाच, पण आजार अगदी वेगळे. बाबांची किडनी तीन दिवसांत कोलमडली होती, मावशीची पंधरा-वीस वर्षं झिजत होती. हा फरक कळायला आम्हाला वेळ लागला आणि त्या वेळात आम्ही काही चुका केल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. दोन आजारपणांत फाइल हातात घेऊन बसलेली घरची व्यक्ती आहे आणि घरच्या माणसाला काय करता येतं, तेवढंच इथे सांगते.

सगळ्यात आधी: थांबायला वेळ आहे का ते पाहा

पुढचं सगळं वाचायच्या आधी रुग्णाकडे बघा. दहा-बारा तासांत लघवीच झालेली नाही, आडवं झाल्यावर धाप लागते, गुंगी येते किंवा बोलणं असंबद्ध होतं आहे, उचकी आणि उलटी थांबत नाही, छातीत धडधडतं, हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटते, यांपैकी काहीही असेल तर रिपोर्ट नंतर वाचा, आधी आपत्कालीन विभागात न्या. पोटॅशियम ६ च्या वर आलं असेल तर माणूस बसून गप्पा मारत असला तरी उशीर करू नका. वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं आणि त्याची पूर्वसूचना मिळेलच असं नाही. तिथे पोहोचल्यावर ईसीजी लगेच काढायला सांगा.

वयस्कर पुरुषाला लघवी होत नसेल आणि ओटीपोट फुगून दुखत असेल तर प्रोस्टेटमुळे वाट अडलेली असू शकते. अशा वेळी नळी घातली की बऱ्याचदा काही तासांत चित्र पालटतं. घरी "भरपूर पाणी पी म्हणजे सुटेल" असं करत बसलात तर त्रास वाढतो.

अचानक म्हणजे किती अचानक?

डॉक्टरांची व्याख्या नेमकी आहे आणि ती घरच्यांनाही समजण्यासारखी आहे. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत नेहमीच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ताशी अर्ध्या मिलीलिटरपेक्षा कमी झाली, तर ती किडनीची अचानक झालेली इजा. साठ किलोच्या माणसासाठी हा हिशोब ताशी ३० मिलीलिटर, म्हणजे सहा तासांत १८० मिलीलिटर. एक पेला, इतकंच. बाबांची लघवी मोजायला मी स्वयंपाकघरातलं एक जुनं मापाचं भांडं वेगळं काढलं होतं. कोणत्याही महागड्या तपासणीइतकीच ती नोंद डॉक्टरांच्या कामी आली. मात्र लघवी भरपूर होते म्हणून किडनी ठीक आहे असं समजू नका. अचानक बिघडलेल्या कित्येक किडन्या लघवी करत राहतात, पण ती नुसतं पाणी असते, कचरा आतच राहतो.

दीर्घकालीन आजाराची खूण काळाची आहे: तीन महिन्यांहून जास्त. किडनीचा रक्त गाळण्याचा वेग (पुढे सांगितलेला ईजीएफआर) ६० च्या खाली, किंवा लघवीतून प्रथिन जाणं, किंवा सोनोग्राफीत दिसणारा बिघाड, यांपैकी काहीतरी तीन महिने टिकून असलं की त्याला दीर्घकालीन म्हणतात. एका रिपोर्टवरून हे कधीच ठरत नाही.

या दोहोंच्या मधे एक धोक्याची पट्टी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. काही आजारांत किडनी काही आठवड्यांत खराब होते. लघवीत रक्त आणि प्रथिन, अंगावर सूज, कधी सांधेदुखी, कधी खोकल्यातून रक्त. क्रिएटिनिन आज १.५, दहा दिवसांनी २.४, मग ३.८. इथे किडनीची बायोप्सी करावी लागते आणि औषध लवकर सुरू झालं तर किडनी वाचू शकते. डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली की घरात घाबरगुंडी उडते, "सुई टोचून आणखी बिघडेल" म्हणतात. चढता आकडा आणि लघवीत रक्त असताना बायोप्सी पुढे ढकलण्यात जास्त धोका आहे.

पायरी पहिली: जुना रिपोर्ट शोधा

बाबांना दाखल केलं त्या रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पुराना कोई रिपोर्ट है क्या?" आम्ही म्हटलं, नाही, त्यांना कधी काही झालंच नव्हतं. ते खरं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याआधी रक्त तपासलं होतं, आणि तो कागद कपाटात विम्याच्या फाइलमध्ये पडून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने तो आणला. क्रिएटिनिन १.०. त्या एका ओळीने सगळी दिशा ठरली. आठ महिन्यांपूर्वी १.० आणि आता जुलाबांनंतर ४.६, म्हणजे हे ताजं आहे आणि परत येण्याची आशा आहे.

हा जुना आकडा बहुतेक घरांत असतो, फक्त आपल्याला आठवत नाही. मोतीबिंदू, हर्निया, बाळंतपण, दात, कुठल्याही शस्त्रक्रियेआधीची तपासणी बघा. विम्याची वैद्यकीय तपासणी झाली असेल. नोकरीत वार्षिक तपासणी होत असेल. गणेशोत्सवात मंडळाने शिबिर घेतलं असेल तर तिथला कागद सापडेल. फोनमध्ये व्हॉट्सअॅपवर लॅबचं नाव टाकून शोधा, पीडीएफ तिथेच पडलेली असते. नेहमीच्या लॅबला फोन करून रुग्णाचा मोबाइल नंबर सांगितलात तर जुनी नोंद बऱ्याचदा निघते. ही तासाभराची धावपळ घरच्या माणसाशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही, आणि माझ्या मते या पूर्ण लेखातलं सर्वांत मोलाचं काम तेच आहे.

पायरी दुसरी: सगळे आकडे एका ओळीत, तारखेसकट

मावशीच्या बाबतीत उलटं होतं. तिचे रिपोर्ट भरपूर होते. अठरा वर्षांचा मधुमेह, बीपी, दर काही महिन्यांनी तपासण्या. प्रत्येक रिपोर्ट दाखवला जायचा, साखरेवर बोलणं व्हायचं आणि कागद पिशवीत जायचा. दिवाळीनंतर मी ती पिशवी उलटी केली आणि वहीत तारीखवार लिहीत गेले. चार वर्षांपूर्वी १.४, पुढे १.९, मग २.७, आणि आता ४.४. वही समोर धरल्यावर मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. सगळं आमच्याच घरात होतं, फक्त कोणी ते एकाखाली एक लिहिलं नव्हतं.

म्हणून एक वही करा. चार रकाने पुरेत: तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतलं प्रथिन. शक्यतो एकाच लॅबमधून तपासणी करा, म्हणजे तुलना नीट होते.

ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलीलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज. नुसत्या क्रिएटिनिनवर का विसंबू नये ते एका उदाहरणाने कळेल. क्रिएटिनिन १.१ असं दोघांचं आलं, एक तीस वर्षांचा तरुण आणि एक पासष्ट वर्षांची बाई. लॅबच्या कागदावर दोघांचाही आकडा काळ्या अक्षरांत, म्हणजे ठीक असा दिसेल. पण सध्याच्या सूत्राने तरुणाचा ईजीएफआर येतो ९२ च्या आसपास आणि बाईंचा ५५ च्या आसपास. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ज्याचे स्नायू कमी, त्याचा आकडा खालीच राहतो, किडनी अर्धी गेली तरी. आपल्या घरातल्या बारीक अंगाच्या आज्यांचा आजार याच कारणाने उशिरा सापडतो.

६० च्या खाली तीन महिने राहिला की दीर्घकालीन आजार, ३० च्या खाली गंभीर, १५ च्या खाली डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ जवळ आलेली. पण आकडा रोज हलत असताना ईजीएफआर वाचू नका. तो अंदाज स्थिर क्रिएटिनिनसाठी आहे. किडनी अचानक थांबली तरी क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ईजीएफआर खोटा दिलासा देतो. बाबांच्या पहिल्या रिपोर्टवरच्या त्या आकड्याला डॉक्टरांनी पेनाने काट मारली होती.

पायरी तिसरी: गेल्या पंधरा दिवसांत काय काय झालं

हे डॉक्टर विचारतातच, पण घाईत अर्धं राहून जातं. आधीच लिहून न्या.

पाणी किंवा रक्त अंगातून गेलं का? जुलाब, उलट्या, भाजणं, बाळंतपणातला रक्तस्राव. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपत नाही तोवर पहिल्या पावसाची घाण पाण्यात येते आणि घरोघरी पोटं बिघडतात. दिवसभर दुचाकीवर फिरणारी माणसं, रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापर्यंत उन्हात नाचणारी मुलं, सगळ्यांचं पाणी कमी होतं. किडनीकडे रक्त कमी पोहोचलं की ती आधी लघवी आखडते. या टप्प्यावर पाणी मिळालं तर दोन-तीन दिवसांत सावरते. नाही मिळालं तर आतल्या बारीक नळ्यांच्या पेशी मरू लागतात आणि मग सावरायला आठवडे लागतात.

ताप आला होता का? मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, मोठा जंतुसंसर्ग, हे सगळे किडनीवर येतात. साप चावला होता का? केसांच्या काळ्या डायमध्ये असणारं पीपीडी पोटात गेलं का? स्नायू चिरडणारी इजा झाली का, लघवी चहासारखी काळपट दिसली का?

आणि गोळ्या. इथे मला थांबून सांगायचं आहे, कारण आमची चूक इथे झाली. बाबांना तीन दिवस जुलाब होत होते. त्याच दिवसांत गुडघा दुखतो म्हणून ते मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेत होते. शिवाय बीपीची गोळी रोजच्यासारखी सुरू होती आणि तिच्यात टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषधही होतं. पाणी कमी, त्यावर वेदनाशामक, त्यावर ही बीपीची गोळी. डॉक्टर या त्रिकुटाला चांगले ओळखतात, आम्ही ओळखत नव्हतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, नायमेसुलाइड, या सगळ्या किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. धडधाकट माणसाला दोन दिवस चालून जातात. जुलाब लागलेल्या, बीपीच्या, मधुमेहाच्या माणसाला चालत नाहीत. दुखण्यासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल त्या मानाने बरी.

यादीत हेही लिहा: जेंटामायसिन किंवा अॅमिकासिनची इंजेक्शनं, रंगद्रव्य टोचून काढलेला सीटी स्कॅन, अँजिओग्राफी, आणि कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या किंवा भस्म. शेवटचं सांगायला माणसं लाजतात. लाजू नका, पुडी असेल तर ती बरोबर न्या.

पायरी चौथी: लघवी आणि सोनोग्राफी

लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिन आणि रक्तपेशी बघा. दोन्ही असतील तर किडनीच्या गाळणीलाच सूज असण्याची शक्यता. मधुमेह किंवा बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर तपासावंच. ते ३० च्या वर टिकून राहिलं तर क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी इशारा मिळतो. मावशीची ही तपासणी वर्षानुवर्षं झाली नव्हती.

सोनोग्राफीत तीन गोष्टी शोधा. लांबी: मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटीमीटर. दोन्ही आक्रसून ८ च्या आत आल्या असतील आणि बाहेरचा थर पातळ झाला असेल तर आजार जुना. दुसरी, हायड्रोनेफ्रोसिस हा शब्द. तो असला तर लघवीची वाट कुठेतरी अडून किडनी फुगली आहे, आणि ती वाट मोकळी करण्यावर उपचार आहे. तिसरी, आतल्या दोन थरांमधला फरक दिसतो की पुसला गेला आहे.

पण लांबीवर आंधळा विश्वास ठेवू नका. मावशीच्या किडन्या ९.८ आणि १०.१ निघाल्या. आमच्या एका नातेवाइकाने लगेच निष्कर्ष काढला, "साइज नॉर्मल आहे, म्हणजे अचानक झालंय, बरं होईल." आम्ही दोन आठवडे त्या आशेवर काढले. मधुमेहात किडनी झिजूनही आकार कायम राहू शकतो, हे आम्हाला नंतर कळलं. तिची वही खरं सांगत होती, सोनोग्राफी नाही.

हिमोग्लोबिन कमी, फॉस्फरस जास्त, पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं, या गोष्टी जुन्या आजाराकडे झुकतात. एकट्या त्यांच्यावरून मात्र ठरवू नये.

अचानकचं निघालं तर

कारण काढून टाकणं हाच मुख्य उपचार. पाणी भरून काढणं, संसर्गावर औषध, घातक गोळी बंद, अडलेली वाट मोकळी. सलाइन किती द्यायचं ते डॉक्टर तासातासाला ठरवतात. लघवी बंद झालेल्या माणसाला घरच्यांनी हौसेने पाणी पाजलं तर ते फुप्फुसात साचतं. भेटायला येणारे नारळपाणी आणि मोसंबीचा रस घेऊन येतात. दोन्हींत पोटॅशियम असतं. वॉर्डात विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

बाबांचं पोटॅशियम वाढलं आणि डॉक्टरांनी डायलिसिस सुचवलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात मोठा गोंधळ झाला. "एकदा लावलं की कायमचं लागतं." हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं आणि त्या पायी सहा तास सही केली नाही. डायलिसिसमुळे किडनी बिघडत नाही. किडनी बंद असेपर्यंत तिचं काम यंत्र करतं. अचानकच्या आजारात किडनी सावरली की डायलिसिस थांबतं. ज्यांचं थांबत नाही त्यांची किडनी सावरलेली नसते, कारण यंत्र नव्हे. बाबांना दोनदा लागलं. पाचव्या दिवसापासून लघवी वाढली, क्रिएटिनिन त्यानंतर उतरू लागलं. या काळात लघवी अतोनात होऊ शकते आणि पाणी-क्षार पुन्हा कमी पडू शकतात, त्यामुळे मोजणं थांबवू नका.

घरी आल्यावर फाइल कपाटात टाकू नका. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन पुन्हा तपासा. एकदा मार खाल्लेल्या किडनीला पुढे दीर्घकालीन आजार होण्याचा धोका जास्त असतो, आकडे ठीक आले तरी.

दीर्घकालीन निघालं तर

गेलेला भाग परत येत नाही. उरलेला किती वर्षं टिकवता येईल हा प्रश्न आहे, आणि लवकर हाती घेतलं तर बरंच करता येतं. बीपी साधारण १३० / ८० च्या आत, साखर ताब्यात. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी औषधं लघवीतलं प्रथिन कमी करून किडनी जपतात. जी गोळी बाबांच्या जुलाबात नडली, त्याच जातीची गोळी एरवी किडनीची राखण करते. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं, ३० टक्क्यांपर्यंत वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, म्हणून घाबरून स्वतः बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांनीही झीज मंदावते. तुम्हाला चालतील का, हे नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, सपाट एक चमचा, सगळं मिळून. इंदुरात हे अवघड आहे, मला माहीत आहे. पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण मसाला, संध्याकाळी कचोरी, जेवताना पापड-लोणचं. आम्ही मावशीचे पोहे ठेवले, शेव आणि जिरावण काढलं, लिंबू वाढवलं. "कमी सोडियम"चं मीठ मात्र आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. फळं आणि डाळी मात्र सरसकट बंद करू नका. रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलं असेल तरच तेवढं पथ्य, नाहीतर माणूस आजाराआधी उपासानेच खंगतो.

ईजीएफआर ३० च्या खाली गेला की तयारी सुरू करा. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या शिरा जपा, त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. फिस्टुला वापरायला तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. मावशीला उशिरा कळल्यामुळे आधी मानेतली नळी सोसावी लागली. कावीळ बीची लस आधीच घ्या. घरात कोणी किडनी देऊ शकेल का, ते डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच बोला, प्रत्यारोपण थेटही होऊ शकतं. खर्चासाठी आयुष्मान कार्ड काढलेलं असू द्या. २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सर्वांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही. दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी सरकारी रुग्णालयांत मोफत डायलिसिसची राष्ट्रीय योजना २०१६ पासून आहे.

दोन्ही एकावर एक

जुन्या झिजलेल्या किडनीवर अचानकचा घाव बसतो तेव्हा आकडा एकदम उडी मारतो. २.२ चं ५ होतं आणि घरचे समजतात, संपलं. तसं नसतं. घावाचं कारण सापडलं तर आकडा पुन्हा २.२ च्या जवळ येऊ शकतो. पण हे कळायला २.२ हा आकडा कुठेतरी लिहिलेला असावा लागतो.

मावशीसाठी डॉक्टरांकडून आम्ही आधीच एक चिठ्ठी लिहून घेतली होती, जुलाब-उलट्या किंवा खाणंपिणं बंद झालं तर त्या दिवसांत कोणत्या गोळ्या थांबवायच्या याची. बीपीच्या काही, लघवीच्या, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, यांपैकी कोणत्या आणि किती दिवस, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. तुम्हीही पुढच्या भेटीत विचारून घ्या. बाबांसाठीही तशीच चिठ्ठी घेतली, ती आता फ्रिजच्या दारावर आहे. तिच्याखाली त्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख आहे, आणि वेदनाशामकांची नावं लाल पेनाने, ठळक, मेडिकलच्या दुकानात फोटो दाखवता येईल अशी.